भेदरलेला कुत्रा आणि हातातला घास : प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यात कुत्रा जेवढा घराचा असतो तेवढाच वाडीचाही असतो. दिवसा पडवीत अंग टाकणारा, तिन्हीसांजेला बेड्याशी, म्हणजे आवाराच्या प्रवेशवाटेशी, येऊन बसणारा, कलमांच्या बागेत वानरांच्या मागे धावणारा, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या पाट्यांभोवती घुटमळणारा हा प्राणी पिढ्यानुपिढ्या माणसाच्या सोबतीने राहिला असला, तरी त्याच्या मनाचा विचार बहुधा तो कोणाला तरी चावल्यानंतरच केला जातो, आणि तोही साखळी आणखी किती आखूड करावी एवढ्यापुरता. शहरात मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव या भागांत इमारती उभ्या राहिल्या तशी विकत घेतलेली जातिवंत कुत्री सदनिकांमध्ये आली आणि जुन्याच तक्रारी नव्या जागी ऐकू येऊ लागल्या: जिन्यात कोणी दिसले की वसवसतो, स्कूटरच्या मागे लागतो, दुसरे कुत्रे पाहिले की दोरी ओढून दोन पायांवर उभा राहतो, फटाका वाजला की पलंगाखाली जाऊन दोन दिवस जेवत नाही.

या तक्रारी वरवर दोन प्रकारच्या वाटतात. एका बाजूला भित्रा कुत्रा, जो शेपूट पोटाशी घेतो, कोपरा धरतो, थरथरतो. दुसऱ्या बाजूला अंगावर जाणारा कुत्रा, ज्याला प्रशिक्षकांच्या परिभाषेत प्रतिक्रियाशील म्हणतात, म्हणजे एखादी साधी गोष्ट दिसताच किंवा ऐकू येताच जो प्रमाणाबाहेर भुंकतो, झेपावतो, गुरगुरतो. पहिल्याची कीव येते आणि दुसऱ्याला शिक्षा होते. प्रत्यक्षात या दोघांतील अंतर पुष्कळदा केवळ इतकेच असते की पहिल्याने पळ काढून पाहिला आणि तो साधला, तर दुसऱ्याला साखळीमुळे किंवा अरुंद वाटेमुळे पळता आले नाही, म्हणून त्याने समोरच्यालाच पळवून पाहिले आणि तेही साधले. टपालवाला रोज बेड्यापर्यंत येतो, कुत्रा रोज भुंकतो आणि टपालवाला रोज निघून जातो. आपल्या भुंकण्यानेच तो गेला, हा कुत्र्याचा निष्कर्ष त्याच्या बाजूने पाहता अगदी तर्कशुद्ध आहे. अतिउत्साहाने किंवा दोरीच्या अडवणुकीने चिडून भुंकणारी कुत्रीही असतात आणि त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. परंतु आक्रमक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांच्या मुळाशी भय असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही.

हे भय घासाने कमी करता येते, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन. ते ऐकायला इतके सोपे आहे की त्यावर विश्वास ठेवणारे आणि त्याची थट्टा करणारे असे दोन्ही पक्ष ते नेमके काय आहे हे न पाहताच आपापले मत बनवतात. म्हणून त्याचा उगम थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

इव्हान पावलोव्हचे नाव शाळेतल्या पुस्तकापासून सर्वांना माहीत असते. पचनक्रियेवरील कामासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवून दिले की अन्नाच्या आधी दरवेळी एखादी खूण मिळत गेली तर पुढे नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. या प्रकारच्या शिकण्याला मानसशास्त्रात अभिजात अभिसंधान म्हणतात. त्यात प्राण्याने काही करून दाखवण्याचा प्रश्न नसतो, एका गोष्टीपाठोपाठ दुसरी येते एवढेच त्याच्या शरीराला कळलेले असते. त्याच पावलोव्हच्या कामातला एक कमी सांगितला जाणारा भाग कोकणाला अधिक जवळचा आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला, प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी चढले आणि पिंजऱ्याच्या वरच्या टोकाशी नाक ठेवून कशीबशी तरंगणारी कुत्री सेवकांनी पोहत जाऊन बाहेर काढली. कुत्री वाचली, पण त्यांतील काहींचे शिकवलेले सारे पुसले गेले, आणि पुढे बऱ्याच काळानंतर खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीकशी धार आत सोडताच त्यांतला एक कुत्रा पुन्हा तसाच भेदरला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले, तेव्हा माणसांच्या हानीपुढे जनावरांच्या मनाची मोजदाद कोणी केली नाही, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु अशा प्रसंगातून गेलेला कुत्रा पुढच्या पावसाळ्यात पन्हळीच्या आवाजाने सैरभैर होत असेल तर त्याला वेडा ठरवण्याआधी लेनिनग्राडची ती धार आठवावी.

योगायोग असा की भय घालवण्याच्या दिशेने पहिले पद्धतशीर पाऊलही त्याच १९२४ साली पडले, आणि ते कुत्र्यावर नव्हे तर एका लहान मुलावर. अमेरिकेतील मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता, तो सशाला विलक्षण घाबरे. त्याला आवडीचे खाणे देऊन बसवायचे, पिंजऱ्यातला ससा त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या दूर ठेवायचा आणि मग मूल शांतपणे खात असताना तो हळूहळू जवळ आणायचा, ही त्यांची रीत. अखेरीस पीटर सशाला हात लावू लागला. जोन्सबाईंनी एक इशाराही दिला होता, जो शंभर वर्षांनंतरही या विषयातील सर्वांत उपयोगी वाक्यांपैकी एक मानावा लागेल: ही रीत नाजूक हाताने वापरावी लागते, कारण येथे खाण्याची ओढ आणि भय अशा दोन प्रतिक्रिया एकाच वेळी हाताळल्या जातात आणि निष्काळजी माणसाच्या हातून उलटेच घडून मुलाला खाण्याचीच धास्ती बसू शकते. पुढे जोसेफ वोल्पे यांनी दक्षिण आफ्रिकेत, विजेचे धक्के बसल्यामुळे भेदरलेल्या मांजरांना आधी त्या प्रयोगशाळेशी फारसे साम्य नसलेल्या खोलीत, मग थोडे अधिक साम्य असलेल्या खोलीत असे टप्प्याटप्प्याने खाऊ घालत मूळ जागेपर्यंत आणले आणि १९५८ साली ग्रंथरूपाने ही पद्धती मांडली. भयाचे कारण सौम्य करून थोडेथोडे वाढवत नेणे याला क्रमशः असंवेदीकरण म्हणतात, आणि त्याच कारणाला घासाची जोड देऊन त्याविषयीची भावना बदलणे याला प्रति-अभिसंधान म्हणतात. कुत्र्यांच्या बाबतीत ही दोन्ही बहुतेक वेळा एकत्रच चालतात, आणि एकत्र चालली तरच चांगली चालतात.

आता ही रीत अंगणात कशी दिसते ते पाहावे. वाडीतल्या एखाद्या घरचा कुत्रा मासे विकणारीवर भुंकतो असे समजू. (येथे पहिली खबरदारी अशी की तो तिला घाबरून भुंकतो की पाटीतल्या बांगड्यांच्या वासाने खुळावतो हे आधी ओळखावे, कारण दुसरा प्रकार हा रोग नव्हे.) ती पाखाडीने, म्हणजे दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे असलेल्या पायऱ्यांच्या अरुंद वाटेने, वर येऊ लागते. कुत्रा अंगणाच्या मागल्या टोकाला, माणसाच्या हातातल्या सैल दोरीवर उभा आहे. ती नजरेस पडताच त्याचे उघडे तोंड मिटते, कान पुढे येतात, शेपटीचे हलणे थांबते. अजून तो भुंकलेला नाही. याच क्षणी त्याला उकडलेल्या कोंबडीचा शेंगदाण्याएवढा तुकडा मिळतो. तो खातो, पुन्हा तिच्याकडे पाहतो, पुन्हा तुकडा. ती बेड्यापर्यंत येते, शेजारणीशी भावावरून हुज्जत घालते, तोवर तुकडे चालूच राहतात. ती गडग्याच्या वळणाआड गेली की घास बंद, हात रिकामा, कोंबडीचा डबा झाकलेला. असे अनेक सकाळी घडल्यावर एके दिवशी ती दिसताच कुत्रा तिच्याकडे पाहून लगेच मान वळवून माणसाच्या हाताकडे पाहतो. त्या मानेच्या वळण्यात सगळे आले: जी बाई संकटाची खूण होती ती कोंबडीची खूण झाली. यानंतरच अंतर दोन पावलांनी कमी करायचे, त्याआधी नाही.

या साध्या दिसणाऱ्या क्रियेत तीन गोष्टी चुकतात, आणि ‘आम्ही खाऊ देऊन पाहिले, काही उपयोग नाही’ असे सांगणाऱ्या घरांत बहुधा यांपैकीच एक चुकलेली असते. पहिली क्रम. मासेवाली आधी दिसली पाहिजे आणि घास नंतर आला पाहिजे. तिची चाहूल लागताच मालकाने घाईघाईने डबा उघडला तर डबा उघडणे हीच संकटाची पूर्वसूचना होऊन बसते, आणि जोन्सबाईंनी सांगितलेली उलटी गत होते. दुसरी अंतर. प्रत्येक कुत्र्याची एक सहनसीमा असते. तिच्या अलीकडे तो भयाचे कारण पाहू शकतो, वास घेऊ शकतो, खाऊ शकतो आणि शिकू शकतो, तर तिच्या पलीकडे त्याच्या शरीरात लढा-किंवा-पळा ही यंत्रणा सुरू होऊन पचनाचे काम मागे पडते. म्हणूनच एरवी कलेजीवर तुटून पडणारा कुत्रा भर बाजारात कलेजी तोंडाशी धरूनही मान फिरवतो. त्याला भूक नाही किंवा त्याला खाण्याचे आकर्षण नाही असा त्याचा अर्थ लावला जातो. योग्य अर्थ एवढाच की तो फार जवळ आणला गेला आहे. घास नाकारणे हे या विद्येतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासार्ह मोजमाप आहे. तिसरी गोष्ट सातत्य: आठवड्यातून एकदा कोंबडी आणि उरलेले सहा दिवस ओरडा, अशा व्यवहारातून कुत्र्याने काय निष्कर्ष काढावा हे त्याचे त्यालाच ठाऊक.

अंतराचा हा प्रश्न कोकणात विशेष अवघड होतो, हे मान्य केले पाहिजे. परदेशी पुस्तकांतले रुंद पदपथ आणि मोकळी मैदाने गृहीत धरून दिलेला सल्ला पाखाडीत कुचकामी ठरतो, कारण समोरून दुसरा कुत्रा आला तर बाजूला व्हायला जागाच नसते. मागे फिरणे आणि आड होणे हे दोन उपाय येथे हाताशी राहतात. ‘चल, फिर’ अशा एखाद्या शब्दावर गर्रकन वळून मालकाबरोबर उलट दिशेने निघण्याची सवय घरात, काहीही भीतिदायक नसताना, घासावरच आधी पक्की करून घेतली तर ऐन वेळी ती कामी येते. गडगा, उभी रिक्षा, विहिरीचा कठडा यांच्या आड होऊन नजर तोडणे हेही अंतर वाढवण्यासारखेच आहे. सकाळी गर्दी होण्यापूर्वी भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी मिळणारी मोकळी वाळू ही मात्र रत्नागिरीकरांना लाभलेली अशी सोय आहे की जिचा हेवा मुंबई-पुण्यातल्या प्रशिक्षकांनी करावा.

या पद्धतीवर घेतला जाणारा सर्वांत जुना आक्षेप म्हणजे घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ दिला तर त्याच्या भीतीचे लाड होतात आणि ती वाढते. हा आक्षेप दोन वेगळ्या प्रकारच्या शिकण्यांची गल्लत करतो. एखाद्या कृतीनंतर हवेसे फळ मिळाले तर ती कृती वाढते, हे अमेरिकेत थॉर्नडाइक आणि पुढे स्किनर यांनी सिद्ध केले; त्याला साधक अभिसंधान म्हणतात आणि ‘बस’, ‘ये’, ‘सोड’ हे सारे त्यावरच शिकवले जाते. भय ही मात्र कृती नव्हे, ती अवस्था आहे. फळ मिळते म्हणून कोणी घाबरत नाही. मूल विजेच्या कडकडाटाने रडू लागले असता आजीने त्याला जवळ घेऊन गुळाचा खडा दिला, तर ते मूल पुढच्या वेळी गुळासाठी मुद्दाम घाबरेल असे कोणी म्हणत नाही. भुंकणे ही कृती आहे हे खरे आणि ती घासाने वाढू शकते हेही खरे. परंतु घास भुंकण्यापूर्वी, सहनसीमेच्या अलीकडे दिला जात असेल तर हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक हट्टी आहे आणि तो धाकाच्या बाजूचा आहे. कुत्र्याला ‘मालक कोण’ हे कळले पाहिजे, त्याच्याआधी जेवले पाहिजे, त्याला उताणे पाडून दाबून धरले पाहिजे, या कल्पनांचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांत शोधला जातो. ते लांडगे बंदिवासात एकत्र कोंडलेले होते, आणि अशा कोंडवाड्यातली भांडणे पाहून निसर्गातल्या कळपाचे नियम ठरवले गेले. ज्या डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने ही ‘अल्फा’ची भाषा लोकप्रिय केली, त्यांनीच १९९९ साली, मोकळ्या लांडग्यांच्या निरीक्षणाच्या आधारे, ती सोडून देण्याचा आग्रह धरला, कारण निसर्गातला कळप म्हणजे बहुतांशी आईबाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते. धाकाचा परिणाम दिसतो हे नाकारण्याचे कारण नाही. काठी उगारली की गुरगुरणे थांबते. पण गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना असते आणि सूचना बंद झाल्याने भय बंद होत नाही. न गुरगुरता, न भुंकता ‘अचानक’ चावणाऱ्या कित्येक कुत्र्यांच्या मागे असे गप्प बसवल्याचा इतिहास असतो. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात, दंडाधारित शाळांत शिकणाऱ्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे आणि ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक, दोन्ही बक्षिसावर शिकणाऱ्यांपेक्षा अधिक आढळली. आधीच भेदरलेल्या जनावराला असा ताण वाढवून देण्यात शहाणपण नाही, इतके तरी त्यावरून निश्चित म्हणता येते.

घास कोणता असावा, याविषयी बाजारातल्या परदेशी पाकिटांची जाहिरात पाहून निराश होण्याचे कारण नाही. रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात पुरेसे सामान आहे, फक्त ते निवडून घ्यावे लागते. घासाची किंमत कुत्रा ठरवतो. घरातल्या घरात, काहीच भीतिदायक नसताना, नाचणीच्या भाकरीचा वाळका तुकडाही चालतो. पण भयाच्या कारणासमोर उभे राहायचे तर उकडलेली कोंबडी, अंडे, पनीर, थोडी कलेजी असे काहीतरी लागते जे एरवी त्याच्या ताटात पडत नाही. मीठ न लावता उन्हात वाळवलेला जवळा वाळू निघेपर्यंत धुऊन घेतला तर त्याच्या वासापुढे कोणतेही पाकीट फिके पडते. खारवलेला सुका बांगडा मात्र मिठामुळे अजिबात देऊ नये. कालवणातले उरलेले मासे वा मटण हे येथे सर्रास कुत्र्यापुढे टाकले जाते आणि नेमके तेच टाळायला हवे, कारण कोकणी वाटणातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट आणि साखरविरहित गोळ्यांत वापरले जाणारे झायलिटॉल हीही विषेच. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून आतडे टोचू शकतात, आणि मे महिन्यात अंगणात लोळणारा आंब्याचा बाठा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ आणू शकतो. प्रशिक्षणातला घास एकूण आहाराच्या सुमारे दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावा आणि तेवढा भात किंवा भाकरी जेवणातून वजा करावी. पोट भरलेल्या आणि सुटलेल्या कुत्र्याला घासाचे काही वाटत नाही, तसेच उपाशी ठेवलेल्यालाही शांतपणे शिकता येत नाही.

आवाजाच्या भयाला येथे ऋतूंचे वेळापत्रक आहे. मे महिन्याच्या अखेरीचा वळीव, गणपतीत आणि दिवाळीत फटाके, ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाचा गडगडाट, आंब्याच्या हंगामात बागांमधून वानर हाकलण्यासाठी उडवलेले फटाके आणि मग शिमग्यात घरोघर फिरणारी पालखी व तिच्यापुढचे ढोल: यांतले बहुतेक आधीपासून माहीत असते, आणि तरीही तयारी आयत्या वेळी सुरू होते. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांनी हजाराहून अधिक कुत्रामालकांकडून माहिती गोळा करून २०२० साली असे दाखवले की फटाक्याच्या प्रत्येक आवाजानंतर लगेच खाऊ किंवा खेळ देण्याचा उपाय करणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांना तो उपयोगी वाटला, आणि हे प्रमाण वनौषधी, सुगंधी द्रव्ये अशा उपायांहून पुष्कळ जास्त होते. हा मालकांनी सांगितलेला अनुभव आहे, प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हे, हे लक्षात ठेवूनही उपाय इतका निरुपद्रवी आहे की तो करून न पाहण्याला कारण उरत नाही. विजेच्या बाबतीत मात्र मर्यादा आहे: ध्वनिमुद्रित गडगडाट लावून सराव करता येतो, परंतु खऱ्या वादळाबरोबर वारा, अंधार, हवेचा दाब आणि मातीचा वास असे बरेच काही येते, जे यंत्रातून येत नाही. शिमग्याची पालखी अंगणात येते त्या दिवशी तर प्रशिक्षणाचा विचारच करू नये. अंगणात पन्नास माणसे आणि दोन ढोल ही कोणत्याच भित्र्या कुत्र्याच्या सहनसीमेच्या अलीकडची गोष्ट नव्हे. त्याला आधीच मागल्या खोलीत, दार लावून, पंखा चालू ठेवून, चघळायला काही देऊन ठेवावे; पालखी नाचवणाऱ्यांना त्याचा विसर पडतो आणि कुत्र्याला त्यांचा, असे झाले तर दिवस साजरा झाला.

प्रत्येक भय घालवण्याजोगे नसते, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण पद्धत हाती आली की ती सर्वत्र चालवण्याचा मोह होतो. रानालगतच्या वाडीत दिवेलागणीनंतर पडवी न सोडणारा कुत्रा भित्रा म्हणून हिणवला जातो. जिल्ह्यात बिबट्या वस्तीजवळ येतो आणि कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य आहे. अशा वेळी कोंबडीच्या तुकड्यांनी त्या कुत्र्याला अंधारात निर्धास्त फिरायला शिकवणे म्हणजे त्याच्या शहाणपणावर माणसाचे अज्ञान लादणे होय. त्याला घरात घ्यावे, एवढाच त्यावरचा उपाय.

तसेच दुखण्याचे. ब्रिटनमधील डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी वर्तनविषयक तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांचा आढावा घेऊन २०२० साली असे मांडले की अगदी सावधपणे बोलायचे तर त्यांतील तिसरा हिस्सा आणि काही ठिकाणी त्याहून बरेच अधिक प्राणी कोणत्या ना कोणत्या वेदनेने ग्रासलेले असतात. कोकणच्या दमट हवेत गोचीड आणि त्यांच्यापासून होणारा गोचीडताप, पावसाळ्यात चिघळणारे कान, म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे यांमुळे कालपर्यंत हात लावू देणारा कुत्रा आज गुरगुरू लागला तर त्याच्या मनात खोट शोधण्याआधी त्याचे कान, दात आणि पाय पाहावेत. भय अतिशय तीव्र असेल तर पशुवैद्यक भय कमी करणारी औषधेही देतात. ती घासाची जागा घेत नाहीत, घासाचा उपयोग होऊ शकेल इतके मन खाली आणतात. माणसाच्या कपाटातली गोळी अर्धी करून देणे हा मात्र घातक उद्योग आहे.

राहिला रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न, ज्यांच्याविषयी सध्या देशभर कडाक्याचे मतभेद आहेत. कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी मोकाट कुत्र्यांवर दीर्घकाळ संशोधन करीत आहेत, आणि त्यांच्या २०१७ सालच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष या पुस्तकाच्या विषयाला थोडा अडचणीचाच आहे: अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडली असता जादा खाऊ मिळालेल्या कुत्र्यांपेक्षा डोक्यावरून हात फिरवून घेतलेल्या कुत्र्यांचा त्या माणसावर अधिक विश्वास बसला. याचा अर्थ घास निरुपयोगी असा नाही. जे कुत्रे हात लावू देण्याइतके जवळ येते ते मुळात फार भेदरलेले नसतेच. जे जवळ येत नाही त्याला घास हाताने भरवण्याचा प्रयत्नही करू नये. तो त्याच्या मागच्या बाजूला दूर फेकावा, म्हणजे त्याला घासासाठी माणसापासून लांब जाता येते आणि पुन्हा जवळ येणे हे त्याच्या मर्जीवर राहते. जवळ बोलावून हातून खाऊ घालण्याच्या हट्टात भूक कुत्र्याला त्याच्या सहनसीमेच्या पलीकडे ओढून आणते, घास संपतो आणि तो एकदम माणसाच्या हाताशी उभा असल्याचे त्याच्या ध्यानात येते. चावे अशाच वेळी बसतात. खाऊ कोठे घालावा यालाही नियम आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाऊ घालण्याच्या जागा लहान मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून आणि जिन्या-प्रवेशद्वारांपासून दूर ठरवून द्यायच्या आहेत. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना किंवा मिरची भरण्यात वेळ घालवू नये.

या सगळ्याच्या आड येणारी गोष्ट घासाची किंमत किंवा मालकाचा वेळ ही नाही. ती साखळी आहे. दिवसभर खांबाला बांधलेला कुत्रा प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला पळता न येण्याच्या अवस्थेतच भेटतो, म्हणजे रोज सकाळी दहा मिनिटे मालक जे शिकवतो त्याच्या उलट धडा साखळी उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटे देत राहते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवण्याला आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवण्याला गुन्हा मानतो, हे कुत्रा पाळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. कायद्याच्या धाकाने नव्हे तर प्रशिक्षणाच्या हिशेबानेही आधी साखळीचा बंदोबस्त करावा लागतो: अंगणाला जाळी, बेड्याला दार, किंवा निदान दोन झाडांमध्ये ताणलेल्या तारेवर सरकणारी लांब दोरी. हे न करता पुढील प्रकरणांतील एकही रीत फळ देणार नाही, आणि त्याचा दोष मग कोंबडीला लावला जाईल.

ज्या घरातल्या कुत्र्याने आजवर कोणाला चावा घेतलेला आहे, त्या घरातील वाचकांनी पुढील प्रकरणे क्रमाने वाचू नयेत. त्यांनी आधी रेबीजची लस पूर्ण आहे याची पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी, दुखण्याची तपासणी करवावी, आणि मग जाळीच्या मुसक्याची सवय घासावर कशी लावावी ते सांगणारे प्रकरण प्रथम वाचावे. कुत्रा मुसक्यात स्वखुशीने तोंड घालून शांतपणे फिरू लागेपर्यंत त्याला कोणत्याही भयाच्या कारणासमोर नेऊ नये.